खापरपणजोबांपर्यंत जाऊन नाव काढणारी सेवा : जनुकीय वंशावळ-तपासाचं परीक्षण

ज्या बालहत्येत एकदा भलत्याच माणसाला शिक्षा झाली आहे, तिचा तपास पुन्हा हाती घेताना सगळ्यात आधी पुराव्याचं कपाट उघडावं लागतं. साक्षीदारांच्या आठवणी तोवर उलटतपासण्यांत घासून गुळगुळीत झालेल्या असतात आणि संशयितांची यादी जुन्या चुकीभोवतीच रचलेली असते. भरवसा ठेवावा असा उरतो तो कापडावरचा डाग. त्या डागातल्या डीएनएवरून आधी गुन्हेगाराचे दूरचे नातेवाईक आणि मग त्यांच्या वंशावळीतून त्याचं नाव शोधणारी सेवा अमेरिका-कॅनडातल्या पोलिस खात्यांना आता खासगी प्रयोगशाळांकडून विकत घेता येते. मत आधीच सांगून टाकायचं तर, सेवा अस्सल आहे, पैसे वसूल करणारी आहे. मात्र ती नाव सुचवते, गुन्हा सिद्ध करत नाही. हा फरक विसरणारं खाते दुसऱ्यांदा निरपराध माणूस पकडू शकतं.

या सेवेचं सगळ्यात बोलकं उदाहरण ऑन्टारिओतल्या क्रिस्टीन जेसपचं. नऊ वर्षांची ही मुलगी ३ ऑक्टोबर १९८४ रोजी क्वीन्सव्हिल गावातून नाहीशी झाली आणि ३१ डिसेंबरला तिचा मृतदेह पन्नासेक किलोमीटरवर सापडला. शेजारच्या घरातल्या गाय पॉल मोरिनला १९८५ मध्ये अटक झाली. १९८६ मध्ये तो निर्दोष सुटला, सरकार पक्ष अपिलात गेला, फेरखटला उभा राहिला आणि १९९२ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्याच्याविरुद्ध होतं काय? मुलीच्या गळ्यातल्या साखळीत अडकलेला एक केस, काही धागे, आणि 'याने तुरुंगात कबुली दिली' असं सांगणारे कैदी. जानेवारी १९९५ मध्ये मुलीच्या अंतर्वस्त्रावरच्या वीर्याची डीएनए चाचणी यशस्वी झाली. ते मोरिनचं नव्हतं. पुढे या चुकीच्या शिक्षेची चौकशी करणाऱ्या कॉफमन आयोगाने १९९८ च्या अहवालात ११९ शिफारशी केल्या. धाग्यांचे नमुने प्रयोगशाळेतच दूषित झाले होते आणि तिथल्या तज्ज्ञांनी हे ठाऊक असूनही दडवलं होतं, हेही त्या चौकशीत बाहेर आलं.

म्हणजे खुन्याचा डीएनए हाताशी होता, तरी त्यानंतर पंचवीस वर्षं नाव मिळालं नाही. कारण पोलिसांची नेहमीची डीएनए पेटी, म्हणजे नमुन्यांच्या नोंदींचा संगणकीय साठा, एसटीआर पद्धतीवर चालते. डीएनएच्या ठरावीक जागी एक छोटा तुकडा किती वेळा लागोपाठ येतो, एवढंच तिथे मोजतात. अमेरिकेच्या कोडिस या राष्ट्रीय पेटीत २०१७ पासून अशा २० जागा आहेत. हाच तो माणूस की नाही, हे सांगायला त्या भरपूर झाल्या. पण तो माणूस आधी पेटीत असावा लागतो. नसला तर उत्तर 'जुळत नाही' इतकंच. वंशावळ-तपासात एसएनपी नावाचे, म्हणजे माणसामाणसांत डीएनएचं एखादंच अक्षर वेगळं असण्याचे, सहा-सात लाख अक्षरबदल वाचतात, आणि तेवढ्या माहितीवरून त्याचा दूरचा भाऊबंदही ओळखता येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये टोरांटो पोलिसांनी कॅल्विन हूवर हे नाव जाहीर केलं. टेक्सासच्या ऑथ्राम प्रयोगशाळेने यात काम केलं होतं. हूवर १९८४ मध्ये २८ वर्षांचा होता, जेसप कुटुंबाच्या ओळखीतला होता, त्याचं नाव जुन्या कागदपत्रांत होतंसुद्धा, आणि २०१५ मध्ये तो मेला होता.

आता सेवेतले टप्पे. पहिला टप्पा नमुना मोजण्याचा, आणि अनेक प्रकरणं इथेच मरतात. माणसाच्या साध्या पेशीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो, शुक्राणूत त्याच्या निम्मा. म्हणजे एक नॅनोग्रॅम (हजार पिकोग्रॅम) मिळवायला दीडशे पेशी किंवा तीनशे शुक्राणू लागतात. घरगुती वंशावळ-चाचणीत एसएनपी वाचायला वापरतात त्या चिपसाठी बनवणारे २०० नॅनोग्रॅम मागतात. जुन्या डागातून कधी कधी एकही निघत नाही. त्यातही सगळा डीएनए माणसाचा नसतो. ओलीत पडलेल्या कापडात जिवाणूंचा भरणा जास्त असतो, म्हणून मोजणी फक्त मानवी डीएनए पकडणाऱ्या पद्धतीनेच झाली पाहिजे. प्रयोगशाळेच्या कागदावर 'डिग्रेडेशन इंडेक्स' नावाचा आकडा असतो. छोटा तुकडा किती सापडला भागिले मोठा तुकडा किती सापडला, असं हे गुणोत्तर. एकच्या आसपास असेल तर डीएनए धड आहे. दहाच्या वर गेला तर त्याचा भुगा झालाय असं समजावं. भुगा झालेल्या नमुन्यावर चिप वापरू देऊ नये. तिथे संपूर्ण जनुकसंचाचं वाचन करणारी पद्धत लागते, कारण ती बारीक तुकडेही वाचते आणि नॅनोग्रॅमच्या काही अंशातही काम भागवते.

बालहत्येच्या नमुन्यात बळीचा आणि खुन्याचा डीएनए बहुधा मिसळलेला असतो. वीर्याचा डाग असेल तर शुक्राणूंचं कवच टणक असण्याचा फायदा मिळतो: आधी सौम्य रसायनाने बाकीच्या पेशी फोडून तो अर्क बाजूला काढतात, मग शुक्राणू फोडतात. ही वेगळी काढलेली नळी स्वच्छ असली तरच पुढे जावं. दोघांचं मिश्रण तसंच वाचलं तर संगणक दोन माणसांचा मिळून एक तिसराच माणूस तयार करतो, आणि त्याचे नातेवाईक जगात कुठेही नसतात.

तुटपुंज्या नमुन्याची आणखी एक खोड लक्षात ठेवावी. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी दोन अक्षरं असताना यंत्राला एकच दिसतं. असे चुकार वाचलेले बिंदू वाढले की नातेवाइकांत सारखे असणारे डीएनएचे लांब पट्टे मध्येच तुटलेले दिसतात आणि जवळचा नातेवाईक लांबचा भासतो. म्हणून किती टक्के बिंदू वाचले गेले, हा आकडा अहवालात लेखी मागावा. तो न देणारी प्रयोगशाळा सरळ नाकारावी.

दुसरा टप्पा शोधपेटीचा. इथे पर्याय थोडे आहेत. जेडमॅच ही २०१० मध्ये सुरू झालेली, हौशी वंशावळकारांची पेटी. एप्रिल २०१८ मध्ये तिच्या मदतीने कॅलिफोर्नियातल्या जुन्या मालिका-गुन्हेगाराला पकडल्यावर ती जगाला माहीत झाली. मे २०१९ मध्ये तिने नियम बदलला आणि सगळ्या खातेदारांची नोंद आपोआप 'पोलिसांना नको' या बाजूला गेली. जे स्वतःहून हो म्हणतील तेवढेच पोलिसांना दिसू लागले. फॅमिलीट्रीडीएनए उलट चालते, नको म्हणेपर्यंत खातेदार पोलिसांच्या शोधात धरला जातो. युरोपीय संघातली खाती मात्र तिने आपणहून बाहेर ठेवली. अँसेस्ट्री आणि ट्वेंटीथ्री-अँड-मी या सर्वांत मोठ्या पेट्या पोलिसांना नमुना चढवू देत नाहीत. ज्या प्रयोगशाळेचा विक्रेता 'आम्ही सगळीकडे शोधतो' म्हणेल, त्याला या दोन पेट्यांचं काय, हे विचारावं. मागच्या दाराने चढवलेल्या नमुन्यावर उभा राहिलेला खटला पुढे वकिलांच्या हाती आयतं कोलीत देतो.

पेटीत कोण आहे, यावर यश ठरतं. २०१८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, युरोपीय वंशाच्या अमेरिकी माणसासाठी केलेल्या शोधांपैकी सुमारे ६० टक्क्यांत खापरपणजोबा समान असलेला किंवा त्याहून जवळचा नातेवाईक सापडेल, असा अंदाज निघाला. इतर समाजांच्या लोकांनी या पेट्यांत फारसे नमुने दिलेले नाहीत, म्हणून त्यांच्या बाबतीत हाती फार कमी लागतं. प्रयोगशाळा हे आपणहून सांगत नाहीत आणि पैसे दोन्हीकडे सारखेच घेतात. या सेवेबद्दलची आमची ही मोठी तक्रार आहे.

तिसरा टप्पा वंशावळकाराचा, आणि खरं कसब इथे आहे. दोन माणसांत सामायिक डीएनए सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात; जुळणाऱ्या पट्ट्यांच्या लांबीचं हे एकक. आजोबा समान असलेल्या चुलत-मावस भावंडांत सरासरी ८६६, पणजोबा समान असतील तर २२९, खापरपणजोबा समान असतील तर ७३. सरासरीवर मात्र विसंबू नये: पणजोबा समान असलेल्यांत ४१ पासून ५९२ पर्यंत आकडे नोंदले गेले आहेत, आणि खापरपणजोबांच्या पातळीवर कधी कधी शून्यसुद्धा येतो. आपल्या भाषेत चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ असे चार शब्द आहेत. सेंटिमॉर्गनला हा भेद कळत नाही, चौघांनाही तो एकच आकडा देतो. तो भेद काढायला एक्स गुणसूत्र उपयोगी पडतं. पुरुषाला एक्स फक्त आईकडून येतो. तेव्हा पुरुष संशयिताचा एखाद्या नातेवाइकाशी एक्सवर ठळक पट्टा जुळला, तर ते नातं त्याच्या आईच्या बाजूचं.

खापरपणजोबांच्या पातळीवर प्रत्येकाची आठ जोडपी असतात. एका जुळणाऱ्या नातेवाइकाची आठही जोडपी लिहायची, आणि त्यांची सगळी वंशवेल जनगणना, जन्म-विवाह नोंदी, मृत्युलेख यांच्या आधारे आजपर्यंत खाली आणायची. मग पहिल्याशी काहीही न जुळणारा दुसरा नातेवाईक घ्यायचा आणि त्याचीही वेल अशीच उतरवायची. या दोन वेली ज्या एका लग्नात एकत्र येतात, त्या लग्नाची मुलं म्हणजे संशयितांचं घर. वय, लिंग, गुन्ह्याच्या वेळी कुठे राहत होते, यावर चाळणी लावली की एक-दोन नावं उरतात. दत्तक, लपवलेलं पितृत्व आणि पिढ्यान्पिढ्या आपसांतच लग्नं करणारे समाज, या तीन गोष्टी हे गणित हमखास बिघडवतात. शेवटच्या प्रकारात तर आकडे फुगतात आणि लांबचा माणूस सख्ख्यासारखा दिसतो.

चूक किती महाग पडते, हे आयडाहो फॉल्सच्या प्रकरणात दिसलं. १९९६ मध्ये अठरा वर्षांच्या अँजी डॉजचा खून झाला आणि १९९८ मध्ये ख्रिस्तोफर टॅपला शिक्षा झाली. पुढे पोलिसांनी मुख्यतः वाय गुणसूत्राच्या जुळणीवरून एका दिग्दर्शकाला संशयित धरलं. त्याचा डीएनए तपासल्यावर तो निर्दोष ठरला. वाय बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसाच्या तसा जातो, म्हणून तो घराणं दाखवतो, माणूस दाखवत नाही. २०१९ मध्ये पूर्ण वंशावळ-तपासाने ब्रायन ड्रिप्सपर्यंत नेलं, त्याने फेकलेल्या सिगारेटच्या थोटकावरून खात्री झाली, आणि टॅप त्याच वर्षी अधिकृतपणे निर्दोष ठरला.

थोटकाची ती चाचणी हा चौथा टप्पा, आणि तो वगळायचा नाही. अमेरिकी न्याय खात्याचं धोरण १ नोव्हेंबर २०१९ पासून हेच सांगतं: आधी कोडिसमध्ये शोधा, ही पद्धत गंभीर हिंसक गुन्ह्यांपुरती ठेवा, आणि केवळ वंशावळीवरून अटक करू नका, संशयिताचा नमुना मूळ डागाशी एसटीआरने ताडा. जेसप प्रकरणातही हूवरच्या मृत्यूनंतर जपून ठेवलेल्या रक्ताशी तुलना झाल्यावरच नाव जाहीर झालं.

'आधी नेहमीच्या पेटीत शोधा' हा मुद्दा खर्चाचाही आहे. ऑथ्रामच्या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर अनेक प्रकरणांसाठी ७,५०० डॉलरचं लक्ष्य असतं. इंग्लंडमध्ये लेस्ली मोलसीडच्या खुनात याची गरजच पडली नाही. १९७५ मध्ये अकरा वर्षांची ही मुलगी मारली गेली. या खुनासाठी चुकीने दोषी ठरलेला स्टीफन किश्को १९७६ पासून १६ वर्षं तुरुंगात राहिला. त्याच्या शरीरात शुक्राणूच तयार होत नव्हते आणि डागात ते होते, ही गोष्ट बचाव पक्षाला सांगितलीच गेली नव्हती. मुलीचे कपडे पुढे नष्ट झाले, पण कपड्यांवरून कण उचलायला वापरलेल्या चिकटपट्ट्या राहिल्या होत्या. १९९९ मध्ये त्यांतून डीएनए निघाला. २००५ मध्ये वेगळ्याच तक्रारीत रोनाल्ड कॅस्ट्रीचा नमुना राष्ट्रीय पेटीत गेला, २००६ मध्ये जुळला, २००७ मध्ये शिक्षा झाली. म्हणून 'पुरावा नष्ट झाला' असा शेरा वाचून थांबू नये. चिकटपट्ट्या, सूक्ष्मदर्शकाच्या काचा, शवविच्छेदनातले बोळे, जुन्या अर्काच्या नळ्या यांची यादी वेगळी मागवावी. या वस्तू अनेकदा पोलिसांच्या नाही, प्रयोगशाळेच्या किंवा रुग्णालयाच्या कपाटात असतात.

चुकीच्या शिक्षेनंतरच्या प्रकरणात आमची एक अट या सेवेच्या कुठल्याही जाहिरातपत्रकात नसते, ती ग्राहकानेच घालावी. वंशावळकाराला जुन्या संशयितांची नावं देऊ नयेत. नाव ठाऊक असलं की हात आपोआप त्या घराच्या वेलीकडे वळतो. त्याने आपल्याला सापडलेलं संशयिताचं नाव लिहून, तारीख घालून, पाकीट बंद करून द्यावं. जुनी कागदपत्रं त्यानंतर उघडावीत. सुटलेल्या माणसाचा नमुनाही नव्या पद्धतीने पुन्हा ताडून निकाल लेखी ठेवावा, म्हणजे 'दोघे मिळून होते' असा सूर पुढे कुणाला लावता येणार नाही.

करारात एक ओळ हमखास असावी. किती अर्क वापरणार, हे प्रयोगशाळेने मायक्रोलिटरमध्ये आधी सांगावं, आणि उरलेली नळी परत करावी. ३० मायक्रोलिटरपैकी १० वर वाचन जमत असेल, तर उरलेले २० उणे २० अंशांवर, शिक्का मारून, खटला आणि त्यावरची सगळी अपिलं संपेपर्यंत राहिले पाहिजेत. आरोपीच्या वकिलाला स्वतंत्र चाचणी करायची झाली, तर त्याच्यासाठी तेवढंच शिल्लक असतं.