जेनेरिकच्या नावाखाली 15,950 रुपये गेले, जीव जाता जाता वाचला

वजनाच्या इंजेक्शनची, म्हणजे सेमाग्लुटाईडची, जेनेरिकं भारतात आली मार्च 2026 मध्ये, पेटंट संपल्यावर. मला ती ऑक्टोबर 2025 मध्येच विकली गेली. पेटंटची बातमी मी वाचलेली होती. तरी फसले.

हौस म्हणून घेतलं नव्हतं. वजन 96 किलो, फॅटी लिव्हर, जिना चढताना गुडघ्यांत कळा. डॉक्टरांनी रीतसर लिहून दिलं होतं. पण वेगोव्हीचा, म्हणजे याच औषधाच्या कंपनीच्या मूळ ब्रँडचा, महिन्याचा खर्च तेव्हा 17,345 रुपये. दोन मुलांच्या फिया भरणाऱ्या घरात एवढे दर महिन्याला कुठून आणायचे? जिमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकीने नंबर दिला. ‘ताई, औषध तेच, एक्स्पोर्टचा माल आहे.’ पेन 4,200 ला, तीन घेतले, 12,600. कुरिअर 850. आइस बॉक्सचं डिपॉझिट 2,500, म्हणे परत मिळेल. तीन वेळा पैसे पाठवले, तिन्ही वेळा यूपीआयवर वेगळ्याच माणसाचं नाव. तिथेच थांबायला हवं होतं.

पार्सल आलं ते कोमट. जेलपॅकचं पाणी झालेलं. न वापरलेलं पेन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. विचारलं तर उत्तर आलं, ‘बाहेर काही आठवडे चालतं, ताई.’ वापरायला काढलेलं पेन चालतंही, म्हणून तर ते माझ्या गळी उतरलं. बॉक्सवर किंमत नाही, परवाना नंबर नाही. आणि पेनावरच्या लेबलचा एक कोपरा सुटलेला, त्याखाली दुसऱ्या लेबलची निळी कड दिसत होती. मी काय केलं? अंगठ्याने दाबून तो कोपरा परत चिकटवला. पैसे गेलेत हे मला स्वतःशीच कबूल करायचं नव्हतं.

टोचल्यावर तासाभरात दरदरून घाम, हात थरथरायला लागले. सासूबाईंच्या ग्लुकोमीटरवर शुगर 52. नवऱ्याने साखरपाणी पाजून दवाखान्यात नेलं. आत इन्सुलिन असावं, असा डॉक्टरांचा संशय. 2023 मध्ये युरोपात नेमकं हेच सापडलं होतं, इन्सुलिनच्या पेनांवर ओझेम्पिकची, म्हणजे सेमाग्लुटाईडच्याच दुसऱ्या ब्रँडची, लेबलं.

चौकीत म्हणाले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, माल मिळाला ना, मग फसवणूक कसली? औषध खात्यात जा. तिथे अर्धा दिवस बाकावर बसवून विचारलं, बिल कुठंय? अहो, बिल असतं तर मी इथे आले असते का? विकणारा परराज्यातला, आमच्या हद्दीत येत नाही. प्रिस्क्रिप्शन दाखवलं तर एक साहेब म्हणाले, ‘मॅडम, वजन कमी करायला चालायचं असतं.’ शुगर 52 वर आलेल्या बाईला हे बोलतात! चार हेलपाटे, चार अर्ज. पेन तपासायला घ्या म्हटलं तर ‘नमुना असा घेता येत नाही.’

पैसे गेल्याचं कळताच त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा 1930 नंबर लावा. मी लाजेपोटी सहा दिवस घालवले, तोवर खाती रिकामी. आता जेनेरिक खरोखर मिळतात, तर ओळखीच्या मेडिकलमधूनच घ्या, फ्रिजमधून तुमच्यासमोर काढून देणाऱ्याकडून. बॅच नंबर लिहिलेलं पक्कं बिल मागा. प्रिस्क्रिप्शन न मागता जो देतो त्याच्याकडून गोळीसुद्धा घेऊ नका. आणि लेबल नखाने खरवडून बघा.

उरलेली दोन पेनं अजून आमच्या फ्रिजच्या दारात आहेत, डब्यात, वर चिकटपट्टी लावून ‘हात लावू नका’ लिहिलेलं. पुरावा म्हणून जपून ठेवा असं सांगितलंय. न्यायला अजून कोणी आलेलं नाही.