टोयोटा कॅमरी: आधी पिढी ठरवा, मग रंग

जुनी कॅमरी बघायला जाताना पहिला प्रश्न पिढीचा. नाव तेच असलं तरी दर पिढीची बैठक वेगळी आणि दुखणंही वेगळं.

पिढ्या ओळखायच्या त्या टोयोटाच्या सांकेतिक नावांनी. १९९१ ची एक्सव्ही१० ही पहिली ऐसपैस कॅमरी. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २,६१९ मिमी. मग एक्सव्ही२० मध्ये २,६७०, एक्सव्ही३० मध्ये २,७२० आणि २००६ च्या एक्सव्ही४० मध्ये २,७७६. पंधरा वर्षांत जवळजवळ १६ सेंटिमीटर वाढ झाली, आणि ती मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना लगेच कळते.

एक्सव्ही१० आणि एक्सव्ही२० मधल्या २.२ लिटर इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवणारा पट्टा. तो साधारण ९६,००० किमीला बदलायचा. तुटला तर गाडी जागीच बंद पडते, पण व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, एवढं नशीब. वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे बेल्ट उघडलाच आहे तर पंपही बदलून घ्यावा. दुप्पट मजुरी वाचते. १९९७ नंतरच्या इंजिनांत ऑइलचा काळा गाळ साचण्याची तक्रार होती, म्हणून ऑइल भरायचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. चिकट काळा थर दिसला तर पुढची बोलणी करू नका.

एक्सव्ही३० ही या घराण्यातली सगळ्यात मऊ गाडी. खड्डा अंगाला लागू देत नाही. वळणावर मात्र कलते. तिच्या २.४ लिटर इंजिनाला बेल्टऐवजी चेन आहे, पण तिथे वेगळीच मेख आहे. हेडचे (इंजिनाच्या वरच्या भागाचे) बोल्ट ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये (खालच्या मुख्य भागात) बसतात आणि मागच्या, म्हणजे फायरवॉलकडच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडच्या) बाजूचे आटे सुटतात. हेड किंचित उचललं जातं आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, झिरपू लागतं. गरम ब्लॉकवर ते वाळून जात असल्याने खाली थेंबही दिसत नाही, टाकीतली पातळी मात्र कमी होत राहते. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन इंजिनाच्या मागे, हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर बघा. तिथे पांढुरकी किंवा गुलाबी खपली असेल तर नुसतं गॅस्केट (सांध्यातलं पातळ पॅकिंग) बदलून भागणार नाही. हेड उतरवून आट्यांच्या जागी धातूचे इन्सर्ट बसवावे लागतात. नवे बोल्ट जुन्याच आट्यांत आवळून दिलेली गाडी पुन्हा गळते.

एक्सव्ही४० मध्ये हेच २.४ इंजिन ऑइल पितं, विशेषतः २००७ ते २००९ ची मॉडेलं. कार्बनमुळे पिस्टनच्या ऑइल रिंग अडकतात. डिपस्टिक वरच्या खुणेपर्यंत भरून २,००० किमी चालवा. लिटरभर कमी झालं तर रिंग आणि पिस्टनचं काम आलंच. ३.५ लिटर व्ही६ घेत असाल तर व्हीव्हीटी-आयच्या (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या) ऑइल पाइपात रबरी तुकडा आहे का ते पाहा. तो फुटला की इंजिन ऑइल भराभर बाहेर येतं. पूर्ण धातूचा पाइप बसवलेला असेल तर काळजी मिटली.

एक्सव्ही५० (२०११) दिसायला नीरस आहे, चालवायलाही. तरी घरासाठी वापरलेली कॅमरी घ्यायची असेल तर आमचं मत हिलाच. व्हीलबेस तोच, छप्पर उंच, २.५ लिटर इंजिन आणि आधीच्या २.४ इंजिनाची आटे सुटण्याची आणि ऑइल पिण्याची दुखणी नाहीत.

२०१७ च्या एक्सव्ही७० ला टीएनजीए-के हा नवा प्लॅटफॉर्म (गाडीचा पायाभूत सांगाडा) मिळाला आणि मागे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला दोन दांड्यांनी धरणारं सस्पेन्शन आलं. व्हीलबेस २,८२४ मिमी. वळणावरचं डोलणं गेलं, पण छप्पर सुमारे २५ मिमी खाली आलं. उंच माणसाला आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला आत शिरताना हे बोचतं, म्हणून त्यांना सोबत नेऊनच गाडी बघा. हायब्रिडची बॅटरी डिकीच्या बाजूने निघून मागच्या सीटखाली गेली, त्यामुळे डिकी मोकळी झाली. त्याच सीटखाली बॅटरीच्या पंख्याची जाळी आहे. पिशव्या, चादरी, कुत्र्याचे केस यांनी ती तुंबली की बॅटरी तापते आणि तिचं आयुष्य घटतं. जाळी काढून व्हॅक्यूमने साफ करायला दहा मिनिटं पुरतात. धूळ जास्त असेल तर दर सर्व्हिसला करा.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या एक्सव्ही८० मध्ये व्ही६ नाही, साधं पेट्रोलही नाही. फक्त हायब्रिड, पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत २२५ हॉर्सपॉवर. व्हीलबेस २,८२४ च आहे, तेव्हा केवळ मागच्या जागेसाठी एक्सव्ही७० विकून ही घेण्यात अर्थ नाही.