नवी पिकअप बुक करताय? खान्देशातल्या रस्त्यांवर डिझेल की सीएनजी

शोरूममध्ये गेलं की बोलणं मायलेजपासून सुरू होतं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत भाड्याची किंवा घरच्या मालाची गाडी चालवायची असेल, तर त्याआधी दुसराच प्रश्न स्वतःला विचारा. माझ्या रोजच्या वाटेवर गॅसचा पंप कुठे आहे? आणि तिथे माझी गाडी रिकामी पोचते की भरलेली? याचं उत्तर वहीत लिहिलं की निम्मा निर्णय झाला. बाकीचा निम्मा माल काय आणि चढ किती यावर ठरतो.

मी इथे दोन टनांपर्यंत माल वाहणाऱ्या छोट्या गाड्यांबद्दलच लिहितोय. यावल-रावेरकडे केळी वाहणाऱ्या, दोंडाईचा-नंदुरबारकडे मिरची वाहणाऱ्या आणि भल्या पहाटे भाजी घेऊन बाजार समितीत उभ्या राहणाऱ्या गाड्या त्या याच.

हायब्रिडचं, म्हणजे इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर असलेल्या गाडीचं आधी सांगून टाकतो, कारण तरुण मुलं हल्ली ते हमखास विचारतात. अमेरिकेत पिकअप घेणाऱ्यापुढे साधं पेट्रोल इंजिन की हायब्रिड असा खरा पर्याय असतो. फोर्डची एफ-१५० तिथे दोन्ही प्रकारांत मिळते. आपल्याकडे इनोव्हा हायक्रॉस किंवा ग्रँड विटारासारख्या कारमध्ये हायब्रिड आहे, पण मालवाहू पिकअपच्या शोरूममध्ये तो पर्याय समोर येत नाही. हायब्रिडची बचत मुख्यतः शहरात होते. ब्रेक मारताना वाया जाणारी ताकद बॅटरीत साठते आणि पुन्हा निघताना वापरली जाते. सुरत महामार्गावर एकाच वेगाने चाललेल्या भरल्या गाडीला त्याचा लाभ तसाही कमीच मिळाला असता. तेव्हा आपल्यापुढचा खरा प्रश्न डिझेल की सीएनजी हाच.

पैशांचा हिशेब

सीएनजी म्हणजे फुकटात पडल्यासारखं, ही समजूत जुन्या भावांवरून पडलेली आहे. आपल्या देशाला लागणारा जवळपास निम्मा नैसर्गिक वायू बाहेरून येतो. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि जगभर गॅस महागला, तेव्हा सीएनजीचे दरही झपाट्याने चढले. महाराष्ट्र सरकारने त्याच वर्षी १ एप्रिलपासून सीएनजीवरचा व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला, तरी किलोचा भाव लिटरभर डिझेलच्या जवळ येऊन बसला.

मग फायदा उरतो कुठे? किलोभर सीएनजीत लिटरभर डिझेलपेक्षा साधारण ३० टक्के जास्त ऊर्जा असते. गॅसचं इंजिन स्पार्क प्लगवर चालतं आणि डिझेल इंजिनाइतकी काटकसर त्याला जमत नाही, त्यामुळे ही सगळी ऊर्जा चाकापर्यंत पोचत नाही. तरी थोडी आघाडी राहतेच.

हिशेब मांडून दाखवतो. आकडे उदाहरणाचे आहेत, तिथे तुमचे टाका. डिझेल आणि सीएनजी दोन्ही ९० रुपये धरा. भरलेली डिझेल गाडी लिटरला १२ किलोमीटर देते आणि तेवढीच सीएनजी गाडी किलोला १४, असंही धरा. डिझेलचा खर्च किलोमीटरला साडेसात रुपये आला, गॅसचा सुमारे ६ रुपये ४३ पैसे. वर्षाला ३०,००० किलोमीटर धावली तर गॅसची गाडी ३२,००० रुपयांच्या आसपास वाचवते. हप्त्याच्या दोन-तीन महिन्यांची सोय झाली म्हणायची.

आता त्यातच एक गोष्ट मिसळा. पंप तुमच्या वाटेवर नाही, पाच किलोमीटर आत वळावं लागतं आणि तेवढंच परत यावं लागतं. रोज १० किलोमीटर जादा. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३,००० किलोमीटर, म्हणजे १९,००० रुपयांहून अधिक गॅस नुसता गॅस भरायला जाण्यात जळाला. बचत उरली १३,००० च्या आत. रांगेत गेलेला वेळ आणि त्या वेळेत हुकलेलं भाडं यात अजून धरलेलंच नाही. म्हणूनच पंपाचा प्रश्न मी सगळ्यांत वर ठेवलाय.

जिथे गॅसची पाइपलाइन पोचलेली नाही, तिथल्या पंपावर गॅस सिलिंडरांच्या मोठ्या संचात, ट्रकवरून येतो. तो संच रिकामा होत आला की दाब उतरतो आणि गाडीत पूर्ण गॅस भरत नाही. त्यात आपला उन्हाळा. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो. गॅस जितका तापलेला, तितके कमी किलो त्याच दाबाला टाकीत बसतात. कंपनीने पत्रकात लिहिलेली सिलिंडरची क्षमता मे महिन्यात तुमच्या हाती येईलच असं नाही. एका भरणीत किती किलोमीटर जाता येईल, हे पत्रकावरून न ठरवता त्याच पंपावर भरणाऱ्या दोन-तीन चालकांना विचारा. चहाच्या टपरीवर ते मोकळेपणाने सांगतात, आणि खरं सांगतात.

चढ आणि वजन

डिझेलचा खरा दम इथे दिसतो. सीएनजीच्या बऱ्याचशा छोट्या गाड्यांचं इंजिन मुळात पेट्रोलचं असतं. गॅस आत शिरताना हवेची जागा घेतो आणि ताकद थोडी उतरते. टाटाच्या इंट्रा व्ही२० या दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाडीचं उदाहरण घ्या: पेट्रोलवर १०६ न्यूटन-मीटर टॉर्क (चाक फिरवणारा जोर), गॅसवर ९५. त्याच घराण्यातल्या डिझेल व्ही५० चा टॉर्क २२० आहे. दोन्ही गाड्या एका वजनाच्या नाहीत, व्ही२० साधारण एक टनाची आणि व्ही५० दीड टनाची, त्यामुळे ही तुलना अगदी बरोबरीची नव्हे. पण धुळ्याहून नवापूरकडे जाताना कोंडाईबारीचा घाट लागला किंवा चाळीसगावहून कन्नडचा घाट चढायला घेतला की या फरकाचा अर्थ कळतो. तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावला जाऊन आमचूर भरून आणणाऱ्याला तर मी गॅसची गाडी सुचवणारच नाही. तिथे चढही आहे आणि पंपाचा भरवसाही नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जळगाव ते धुळे हा नव्वदेक किलोमीटरचा पट्टा बहुतेक सपाट आहे. तापीकाठच्या चोपडा, यावल, रावेरचे रस्तेही तसेच. तिथे गॅसच्या गाडीला ताकद कमी पडते ही तक्रार माल नेमाने आणि पासिंगपुरताच, म्हणजे कागदोपत्री परवानगी असलेल्या वजनाइतकाच भरला तर फारशी उरत नाही.

पण पासिंगपुरता म्हणजे किती, हे बुकिंगआधी नीट वाचा. सिलिंडरचं वजन गाडीच्याच खात्यात जातं. मारुतीच्या सुपर कॅरीत पेट्रोलच्या गाडीला ७४० किलो माल चालतो, सीएनजीच्या गाडीला ६२५. फेरीमागे ११५ किलो कमी झाले. भाजीचे कॅरेट वाहणाऱ्याचे पाच-सहा कॅरेट गेले. कापूस वाहणाऱ्याला मात्र यात काही फरक पडत नाही, कारण त्याचा हौदा वजनाआधी आकारमानानेच भरतो. केळीवाल्याला सगळ्यांत जास्त फरक पडतो. केळी जड, भाडं वजनावर, आणि कापणी झाली की आजच माल हलवायचा असतो. जादा भरून वेळ मारून न्यावी असं वाटणं साहजिक आहे, पण २०१९ च्या कायद्यातल्या बदलानंतर ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहे. एकदा पकडलं की वर्षभराच्या इंधनाच्या बचतीतला मोठा भाग काट्यावरच संपला.

देखभाल

१ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाडी पूर्वीसारखी साधी राहिली नाही. धूर गाळणारा फिल्टर, डीपीएफ, आला. त्यात काजळी साठते आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर बराच वेळ चालली की ती आतल्या आत जळून जाते. ज्याची गाडी दिवसभर गावातल्या गावात पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या मारते, त्याचा फिल्टर तुंबतो, दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटरची वारी घडते. असं काम असेल तर डिझेलकडे जाऊच नका. मुंबई-आग्रा किंवा सुरत रस्त्यावर धावणाऱ्याला हा त्रास सहसा होत नाही.

काजळी जळत असताना सायलेन्सरकडचा भाग फार तापतो. जिनिंगच्या आवारात जमिनीवर कापूस सांडलेला असतो, शेतात पाचट आणि कडबा असतो. त्यावर डिझेल गाडी चालू ठेवून उभी करू नका. चालकाला हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

काही डिझेल मॉडेलना धुरातलं प्रदूषण कमी करणारं द्रव, डीईएफ, लागतं, चालक त्याला नुसतं युरिया म्हणतात. आपल्या घरी खताच्या गोण्या पडलेल्या असतात आणि तोच युरिया पाण्यात कालवून ओतायचा मोह होतो. तसं अजिबात करू नका. डीईएफमध्ये ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि क्षार काढलेलं पाणी असतं. खताच्या युरियावर कडुनिंबाचा लेप असतो. तो या यंत्रणेत गेला की दुरुस्ती हजारांत थांबत नाही.

गॅसच्या गाडीला ना डीपीएफ, ना डीईएफ. प्लग आणि एअर फिल्टर वेळेवर बदलायचे, कूलंटवर लक्ष ठेवायचं. इंजिनाचा आवाज शांत असतो, दिवसभर चालवणाऱ्याच्या पाठीला आणि कानाला ते बरं वाटतं. सिलिंडरची चाचणी मात्र दर तीन वर्षांनी करावी लागते आणि तिचा दाखला जवळ हवाच. बाहेरून किट बसवून घेण्याचा विचार सोडा, कंपनीनेच बसवलेली गाडी घ्या.

गॅसच्या गाडीत पेट्रोलची टाकी किती मोठी आहे तेही बघा. सुपर कॅरी सीएनजीत ५ लिटर पेट्रोल बसतं, पुढच्या पंपापर्यंत पोचण्यापुरतं. इंट्रा व्ही२० ची टाकी ३५ लिटरची आहे. घाट आला की बटण दाबून पेट्रोलवर जाता येतं आणि पंप बंद असला तरी फेरी चुकत नाही. पेट्रोल शंभरीपार आहे, त्यामुळे ही सोय अडल्यावेळचीच. पण नाशवंत माल वाहणाऱ्याने मोठी टाकी असलेल्या गाडीला माझ्या मते जास्त गुण द्यावेत.

मी कोणाला काय घ्यायला सांगेन

दूध, भाजी, किराणा, पार्सल. ठरलेला सपाट रस्ता. दिवसाला ८० ते १५० किलोमीटर. परतीला गाडी रिकामी आणि पंप वाटेवरच. अशा माणसाने सीएनजी घ्यावी, डोळे झाकून नाही पण मन घट्ट करून. नवापूरमार्गे गुजरातेत नेमाने जाणाऱ्याचं पारडंही थोडं गॅसकडे झुकतं. तिकडे पंपांचं जाळं दाट आहे आणि माल हलका असला तर कोंडाईबारी निभावते.

केळी, कांदा, सिमेंट, खत असा जड माल, सातपुड्याकडची गावं, ऐनवेळी कुठलंही भाडं स्वीकारायची तयारी; असं काम असेल तर डिझेलच. गावच्या छोट्या पंपावर ते मिळतं, अडली गाडी तर कोणी कॅनमध्ये आणून देतं. पाच-सहा वर्षांनी विकायला काढली तर खेड्यातलं गिऱ्हाईकही डिझेललाच जास्त येतं.

दोन्हींच्या मधोमध असाल, म्हणजे हंगामात केळी आणि एरवी मिळेल ते, तर मी डिझेलच्या बाजूने राहीन. हंगामातल्या एका अडकलेल्या फेरीचं नुकसान इतर महिन्यांच्या बचतीतून भरून निघत नाही.

किंमत विचारताना ऑन-रोड कोटेशन लेखी घ्या, दोन्ही इंधनांचं आणि एकाच दिवसाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तो कोटेशनमध्ये उतरलाय का बघा. टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या गाडीची घेऊ नका. हौद्यात पासिंगइतकं वजन टाकायला सांगा आणि धुळ्यात असाल तर लळिंगच्या चढावर नेऊन मध्येच थांबवा. पुन्हा उचलताना क्लच किती वेळ दाबून धरावा लागतो ते स्वतः बसून बघा.