८×४२ की १०×४२? पहिली दुर्बीण निवडताना

रानावनात पक्षी पाहायला नेण्यासाठी पहिली दुर्बीण घेणाऱ्याची निवड बहुधा ८×४२ आणि १०×४२ या दोन मापांपाशी येऊन अडते. पहिला आकडा, म्हणजे वर्धन, वस्तू किती पट जवळ भासेल ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. दहा हा आकडा मोठा असल्यामुळे मन तिकडेच ओढ घेते. पण पहिल्या दुर्बिणीसाठी मी निःसंकोचपणे आठची शिफारस करीन.

वर्धन वाढले की पक्ष्याबरोबर हाताची थरथरही तितक्याच पटीने मोठी दिसते, हे त्याचे मुख्य कारण. चढ चढून दम लागलेला असताना दहापट वर्धनाची दुर्बीण डोळ्यांना लावली, तर पंखांवरच्या बारीक रेषा स्थिर दिसत नाहीत, आणि कागदावर मिळणारा जास्तीचा तपशील प्रत्यक्षात हाती लागत नाही. दुसरे कारण दृष्टिक्षेत्राचे आहे. एक हजार मीटर अंतरावर ८×४२ मधून साधारण १२५ ते १४० मीटर रुंदीचा भाग दिसतो, तर १०×४२ मधून तो १०० ते ११५ मीटरच्या आसपास येतो. नवख्याची खरी अडचण हीच असते की नुसत्या डोळ्यांनी फांदीवर स्पष्ट दिसलेला पक्षी दुर्बिणीतून सापडतच नाही. नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणण्याची सवय होईपर्यंत रुंद दृष्टिक्षेत्राचा फार आधार वाटतो.

भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की डोळ्यात उतरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते: ८×४२ मध्ये ती ५.२५ मिलिमीटर, तर १०×४२ मध्ये ४.२ मिलिमीटर असते. भर दिवसा डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असल्यामुळे हा फरक जाणवत नाही, पण पहाटे, तिन्हीसांजेला किंवा दाट झाडीत तो जाणवतो.

अर्थात दहाची बाजूही लंगडी नाही. मोकळे माळरान, पाणथळ जागा किंवा समुद्रकिनारा अशा ठिकाणी पक्षी दूर असतात, बराच वेळ एका जागी थांबतात आणि कोपर टेकवायला आधारही मिळू शकतो. ज्याचे निरीक्षण मुख्यतः तिथेच होणार आहे, त्याने १०×४२ घ्यावी. दिवसभर पायी भटकणाऱ्याने ८×३२ चा विचार जरूर करावा, कारण संधिप्रकाशात ती थोडी कमी पडली तरी मानेवरचा भार चांगलाच हलका होतो. वर्धन कमी-जास्त करता येणाऱ्या स्वस्त झूम दुर्बिणी मात्र टाळाव्यात. त्यांचे दृष्टिक्षेत्र अरुंद असते आणि वाढत्या वर्धनाबरोबर प्रतिमा अंधूक होत जाते.

बेताच्या खर्चात पोरो प्रिझमची (प्रिझम म्हणजे आतला, उलटी प्रतिमा सुलटी करणारा काचेचा ठोकळा) रुंद खांद्यांची दुर्बीण त्याच किमतीच्या सरळ नळीच्या रूफ प्रिझमपेक्षा बहुधा सरस प्रतिमा देते, कारण रूफ प्रिझममधून तेवढीच स्वच्छ प्रतिमा मिळवायची तर खास लेप द्यावे लागतात आणि ते खर्चिक असतात. पावसात आणि धुक्यात हिंडणाऱ्याने मात्र नायट्रोजन भरलेली, जलरोधक रूफ दुर्बीण घ्यावी. तिच्या आतल्या भिंगांवर बाष्प धरत नाही. चष्मा लावणाऱ्यांनी आय रिलीफ, म्हणजे डोळ्यांकडच्या भिंगापासून डोळा जितका दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसते ते अंतर, किमान १५ ते १६ मिलिमीटर आहे ना, हे आधी पाहावे, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात.

पैसे देण्यापूर्वी दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोखावी. डोळ्यांकडच्या भिंगांत दिसणारी प्रकाशाची वर्तुळे पूर्ण गोल असावीत. ती कडेने चौकोनी कापल्यासारखी दिसली तर प्रिझमची काच हलक्या प्रतीची असण्याची शक्यता असते. मग दूरच्या एखाद्या छपराची आडवी कड दोन्ही डोळ्यांनी काही मिनिटे न्याहाळावी. ती दुहेरी दिसत असेल किंवा डोळ्यांवर ताण येत असेल, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत असे समजावे. हा दोष घरी दुरुस्त होण्यासारखा नसतो, म्हणून ती दुर्बीण किंमत कितीही उतरवून मिळाली तरी घेऊ नये.