शिसवीच्या नावाखाली ओले, रंगवलेले लाकूड: पहिली गिटार बनवायला निघालेल्यांसाठी

गिटार स्वतःच्या हाताने बनवून पाहावी असे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी लाकडासाठी पहिला रुपया देण्याआधी हा अनुभव वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत मी माझ्या पहिल्या गिटारसाठी लाकडाचा पूर्ण संच मागवला आणि त्यात माझे २१,००० रुपये गेले. पैसे गेल्याचे दुःख आहेच; पण ज्या तपासण्यांनी ही फसवणूक उघडी पडली, त्या सगळ्या स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि ओव्हन, पोलादी पट्टी आणि साधा रंधा एवढ्यावर घरच्या घरी करता येतात आणि त्या मला आधी ठाऊक नव्हत्या, याची खंत अधिक आहे.

मी कोल्हापूरला राहते. वर्षभर व्हिडिओ पाहून, जुन्या फळ्यांवर करवत आणि पटाशी चालवून, तापलेल्या लोखंडी पाइपवर दोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या वाकवून हात थोडा बसला होता. आता खरे लाकूड हवे, या ओढीने मी समाजमाध्यमांवर चौकशी केली आणि एका विक्रेत्याचा निरोप आला. पहिल्याच फोनवर त्याने विचारले, "ताई, क्लासिकल बनवणार की स्टीलच्या तारांची?" हा प्रश्न जाणकारच विचारतो, असे मला वाटले. पाठीसाठी आणि बाजूंसाठी दहा वर्षे वाळवलेली, क्वार्टर सॉन (रेषा उभ्या येतील अशी चिरलेली), मास्टर ग्रेडची शिसवी ९,५००, स्प्रूस या परदेशी झाडाच्या लाकडाचा टॉप (गिटारची पुढची फळी) ६,०००, नेकचे, म्हणजे मानेचे, लाकूड ३,२०० आणि खाचा पाडलेला फ्रेटबोर्ड (मानेवरची बोटे ठेवायची पट्टी) २,३०० असा हिशोब त्याने पाठवला. हे सगळे शब्द मी नुकतेच शिकले होते, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून अचूक ऐकताना मिळालेला आनंदच माझ्या आड आला. 'मास्टर ग्रेड' किंवा 'ट्रिपल ए' ही प्रत ठरवणारी कोणतीही अधिकृत संस्था नसते, प्रत्येक विक्रेता ती आपल्यापुरती ठरवतो, हे मला तेव्हा माहीत असते तर त्या शब्दासाठी मी जास्तीचे पैसे मोजले नसते.

मी दोन दिवस विचार करते म्हटल्यावर त्याने घाई लावली. आंतरराष्ट्रीय नियमांमुळे शिसवी आता मिळणारच नाही, हा शेवटचा संच आहे, असे तो म्हणाला. यातले अर्धे खरे होते, म्हणूनच ते पटले. ब्राझीलच्या शिसवीवर १९९२ पासून कडक निर्बंध आहेत, आणि २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जिया या प्रजातीतल्या इतर जातीही, आपल्या शिसवीसह, सायटीस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या. पण हा करार देशादेशांमधल्या व्यापारापुरता आहे. भारतातल्या भारतात होणाऱ्या विक्रीला त्याने बंदी घातलेली नाही. हे मी त्या दिवशी शोधून पाहिले नाही. त्याच संध्याकाळी यूपीआयने सगळी रक्कम पाठवली आणि बिलही मागितले नाही.

पार्सल मार्चमध्ये आले. सर्वांत वर स्प्रूसचा टॉप होता आणि तो खरा होता. उभ्या, बारीक, सरळ रेषांचा. तो पाहून मी निर्धास्त झाले आणि 'छान आहे' असा निरोपही पाठवला. खालच्या काळपट जांभळ्या फळ्यांना मात्र थिनरसारखा वास येत होता. शिसवी ताजी कापली किंवा घासली की तिला गोडसर, गुलाबाच्या जवळ जाणारा वास येतो, हे मी वाचले होते, तरी पॅकिंगचा वास असेल असे म्हणून मी तो सोडून दिला. नवव्या दिवशी सकाळी पाठीच्या दोन्ही फळ्या पन्हाळीसारख्या वळलेल्या दिसल्या आणि एकीच्या टोकाला बोटभर लांब चीर गेली होती. मार्चच्या कोरड्या हवेत दहा वर्षे वाळलेले लाकूड असे वळत नाही. ओले लाकूड सुकू लागले की वळते.

मग मी एकेक गोष्ट तपासली. पाठीची प्रत्येक फळी ५५० मिलिमीटर लांब, २०० रुंद आणि ४ जाड, म्हणजे दोन्ही मिळून ८८० घनसेंटिमीटर. वाळलेल्या शिसवीची घनता घनमीटरला साधारण ८३० किलो धरली, तर वजन ७३० ग्रॅमच्या आसपास भरायला हवे. आल्या दिवशी सहज म्हणून टिपून ठेवलेले वजन ६४० ग्रॅम होते, आणि तेही आतल्या पाण्यासकट. फळीच्या टोकाचा एक तुकडा कापला, तो २० ग्रॅम भरला. तो ओव्हनमध्ये १०० अंशांच्या किंचित वर ठेवून दर तासाला वजन करत राहिले आणि वजन उतरायचे थांबले तेव्हा काटा १५.९ वर होता. कोरड्या वजनाच्या मानाने पाण्याचे प्रमाण जवळजवळ २६ टक्के निघाले. गिटारला जोडायच्या लाकडात ते १० टक्क्यांच्या आत असावे लागते, नाहीतर वाद्य तयार झाल्यावर सांधे उघडतात आणि पाठ फाटते.

रंगाची तपासणी करताना एक चूक होण्याचा संभव आहे, ती सांगायला हवी. कापसावर स्पिरिट घेऊन फळी पुसली तेव्हा कापूस तपकिरी झाला आणि मला पुरावा मिळाल्यासारखे वाटले. परंतु खऱ्या शिसवीतली राळही स्पिरिटमध्ये विरघळते आणि कापसाला जांभळट रंग देते, त्यामुळे एवढ्यावरून कोणालाही खोटे ठरवू नये. खरी खूण रंध्याने दिली. फळीच्या कडेवर मी बारीक पाते लावून रंधा मारला. पहिली ढलपी गडद निघाली, दुसरी चहात दूध वाढल्यासारखी फिकी, आणि तिसऱ्या ढलपीखाली लाकूड सरळ पांढुरके होते, ना काळी रेघ ना जांभळी झाक. रंग अर्धा मिलिमीटरही आत गेलेला नव्हता. पुढे फ्रेटबोर्ड मोजला, तर ६५० मिलिमीटरच्या स्केलला (तारेच्या वाजणाऱ्या लांबीला) बारावी खाच बरोबर ३२५ वर होती, पण सातवी २१६.२ वर हवी ती २१७.६ वर पाडलेली होती. अशा फ्रेटबोर्डची गिटार कधीच सुरात बोलणार नाही.

माझेच काही चुकत नाही ना, याची खात्री करायला मी फळी घेऊन मिरजेला गेले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या कारागिरांची पिढ्यान्‌पिढ्यांची जाण गिटारच्या लाकडालाही तितकीच लागू पडते. एका वयस्क कारागिरांनी फळी वरच्या टोकाला दोन बोटांत लटकती धरली, मधोमध बोटाचे पेर मारले आणि ऐकले. आवाज थप्प आला आणि तिथेच मेला. त्यांनी विचारले, "कुठल्या महिन्यात कापलं, ते लिहून दिलंय का त्यांनी?" मी नाही म्हटल्यावर ते मला आत घेऊन गेले. तिथे सतारीसाठी वापरतात त्या तुनीच्या लाकडाच्या फळ्या मधे पट्ट्या घालून रचलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या टोकावर खडूने महिना आणि साल लिहिलेले होते. "आम्ही वर्षं मोजतो काका, तसंच ना?" असे मी विचारले, तर ते म्हणाले, "वर्षं तोंडानं कुणीही सांगतो. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं."

विक्रेत्याला मी फोटो आणि आकडे पाठवले. आधी तो म्हणाला, "वाहतुकीत ओल लागली असेल, ताई." मग म्हणाला की लाकूड जिवंत असते, थोडे वळणारच. रंधा मारलेल्या कडेचा फोटो गेल्यावर त्याने माझा नंबर ब्लॉक केला. त्याने दाखवलेल्या शिसवीच्या छायाचित्रांचा इंटरनेटवर उलटा शोध घेतला, तर तीच छायाचित्रे परदेशातल्या एका लाकूड व्यापाऱ्याच्या पानावर सापडली. हा शोध मी पैसे देण्याआधीही पाच मिनिटांत घेऊ शकले असते.

तक्रारीबाबत माझी जी चूक झाली ती इतरांनी करू नये. मी महिनाभर त्याच्याशी गोडीगुलाबीने बोलत राहिले. पैसे खात्यातून गेल्यावर फसवणूक लक्षात येताच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर त्याच दिवशी फोन करायचा असतो, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी अडवता आली तरच हाती लागते. वस्तू आली पण खोटी निघाली, असे असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला त्यासाठी शुल्क नाही. मात्र तिथे विक्रेत्याचे नाव आणि पत्ता द्यावा लागतो. माझ्याकडे फक्त एक मोबाइल क्रमांक आणि यूपीआयची ओळख होती. म्हणून नाव, पत्ता आणि लाकडाची जात लिहिलेले बिल मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. जो विक्रेता बिल देत नाही, त्याच्याकडून आइस्क्रीमच्या काडीएवढे लाकूडही घेऊ नका. बिलावर 'शिसम' एवढेच लिहून घेणेही पुरेसे नाही. उत्तरेकडचा शीशम म्हणजे डाल्बर्जिया सिसू आणि आपली शिसवी म्हणजे डाल्बर्जिया लॅटिफोलिया. दोन्ही चांगली लाकडे आहेत, पण त्यांचे भाव एक नाहीत, त्यामुळे जातीचे पूर्ण नाव लिहून घ्यावे. शक्य असेल तर एखादा तुकडा आधी मागवून त्याच्या कडेवर रंधा मारून पाहावा.

आता मी जवळच्या वखारीतून एका मोडलेल्या जुन्या कपाटाच्या शिसवी फळ्या घेतल्या आहेत. तिथल्या मालकांनी दुकानातच कडेवर रंधा मारू दिला आणि बिलही दिले. त्या फळ्या चिरून, मधे पट्ट्या घालून, हवेशीर खोलीत ठेवल्या आहेत आणि दर रविवारी प्रत्येकीचे वजन तिच्या टोकावर पेन्सिलने लिहिते. सर्वांत मोठ्या फळीवरचे शेवटचे चार आकडे ४१२, ४०९, ४०८ आणि ४०८ असे आहेत.