चौथ्या दिवसाची दुपार: गोराईच्या विपश्यना शिबिराविषयी

गोराईला जाणारे बहुतेक जण पॅगोडा बघतात, फोटो काढतात आणि लाँचने बोरिवलीला परततात. त्यात गैर काही नाही. ८ फेब्रुवारी २००९ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते खुला झालेला हा घुमट आत एकही खांब न घेता उभा आहे. जोधपुरी दगडात दगड अडकवून तो रचलाय आणि त्याखाली आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. पण घुमट ही दुकानाची पाटी झाली. माल शेजारच्या धम्म पट्टण केंद्रात मिळतो: विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं निवासी शिबिर. हे परीक्षण त्याचं आहे.

अभ्यासक्रम इगतपुरी, बेलापूर, गोराई सगळीकडे एकच. या पद्धतीचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांनी जुलै १९६९ मध्ये मुंबईतच भारतातलं पहिलं शिबिर घेतलं. तेव्हा साधक होते चौदा. २०१३ साली गोएंकाजी गेले, तरी सूचना आणि रात्रीची प्रवचनं आजही त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात चालतात. समोर बसलेले सहाय्यक आचार्य दुपारी शंका ऐकतात आणि उत्तर थोडक्यात देतात. तासभर चर्चा रंगेल या अपेक्षेने गेलात तर निराश व्हाल.

पैशाचा प्रश्न आधी मिटवू. राहणं, जेवण, शिकवणं, कशालाच फी नाही. दान घेतात ते फक्त शिबिर पूर्ण केलेल्यांकडून. नाव ऑनलाइन नोंदवायचं आणि जागा लवकर भरतात. रजा मात्र दहा नव्हे, बारा दिवसांची काढा: आदल्या दिवशी दुपारी पोचावं लागतं आणि सुटका अकराव्या दिवशी सकाळी.

घंटा पहाटे चारला. साडेचार ते साडेसहा साधना, मग नाश्ता. अकराला जेवण, पाचला चहा, सातला प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. दिवसाला साधारण दहा तास बैठक. नव्या साधकांना पाचच्या चहासोबत थोडं फळ वगैरे मिळतं, जुन्यांना, म्हणजे आधी शिबिर केलेल्यांना, नुसतं लिंबूपाणी, कारण त्यांना दुपारनंतर न खाण्याचं शील असतं. फोन जमा, वही-पेन नाही, पुस्तक नाही, दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन. मौन म्हणजे शेजाऱ्याशी खाणाखुणाही नाहीत.

पहिले साडेतीन दिवस आनापान. नाकपुड्यांच्या कडा आणि वरच्या ओठावरचा छोटा त्रिकोण, लक्ष एवढ्याच जागेत ठेवायचं आणि येणारा-जाणारा नैसर्गिक श्वास जाणायचा. इथे सर्वांत मोठी चूक होते ती प्राणायाम येणाऱ्यांची. ते नकळत श्वास लांबवतात, मोजतात, मग दुपारपर्यंत कपाळ जड होतं. श्वास जाणवेनासा झाला तर दोन-चार वेळा मुद्दाम थोडा जोरात घ्यायचा आणि लगेच सोडून द्यायचा, बस. श्वासासोबत नामस्मरण जोडायलाही मनाई आहे. कारण साधं आहे. शब्दाच्या तालावर मन लवकर स्थिरावतं खरं, पण त्या गुळगुळीतपणात ओठावरची बारीक संवेदना हरवते, आणि पुढचं सगळं काम तिच्यावरच उभं आहे.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना शिकवतात. डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत, दोन-तीन इंचांचा एकेक भाग घेत लक्ष फिरवायचं. जे असेल ते जाणायचं: उष्णता, ठणका, कपड्याचा स्पर्श, मुंग्या. एखादी जागा बधिर वाटली तर तिथे मिनिटभर थांबायचं आणि पुढे सरकायचं. ‘काहीच नाही’ म्हणून तिथेच खणत बसायचं नाही. यानंतर दिवसातून तीनदा अधिष्ठान असतं: तासभर हात-पाय न हलवता, डोळे न उघडता बसायचं. या बैठकांमुळेच शिबिराचं नाव होतं आणि बदनामीही.

नाकाच्या शेंड्यावर खाज सुटली असं धरा. बौद्ध परंपरा मनाचे चार भाग सांगते, आणि शिबिरात ते पोथीतून नव्हे, या खाजेतून दिसतात. काहीतरी झालं हे कळतं ते विञ्ञाण. ‘खाज आहे, वाईट आहे’ अशी ओळख पटते ती सञ्ञा. मग ती नकोशी म्हणून जाणवते, ती वेदना (इथे वेदना म्हणजे कुठलीही संवेदना, नुसतं दुखणं नव्हे). आणि हात उचलायची जी ओढ उठते, तो संखार. एरवी हे चारही इतक्या झटक्यात होतात की खाज आणि खाजवणं एकच वाटतं. हात न उचलता बसलं की मधली फट दिसते. खाज चढते, शिगेला जाते, विरते. हाच अनिच्चाचा, म्हणजे काहीच टिकत नाही याचा, अनुभव. प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे एकातून दुसरं उपजण्याच्या, साखळीत वेदनेनंतर तृष्णा येते, आणि कडी तोडायची ती याच जागी. गुडघ्याचा ठणका या कामाला जास्त उपयोगी, कारण तो खोटा पडत नाही.

पण इथेच काम बिघडतं. पाचव्या-सहाव्या दिवशी काहींना सगळ्या अंगात बारीक लहरी जाणवतात आणि त्यांना वाटतं, जमलं. दुसऱ्या दिवशी त्या येत नाहीत, मग ते त्या शोधत बसतात. सुखद संवेदनेची अशी शोधाशोध म्हणजे नवीन तृष्णाच, फक्त तिला साधनेचा वेष चढवलेला. उलट टोकाचे लोक दुखणं सहन करतात आणि दात आवळून तास काढतात. त्याला समता, म्हणजे मनाचा समतोल, म्हणत नाहीत, ती कुस्ती आहे. जबडा, खांदे, हातांची बोटं तपासा. ती आवळलेली असतील तर सूचना अर्धीच समजली आहे.

बसण्याचं तंत्र मात्र कुणी पुरेसं समजावत नाही, म्हणून इथे सांगणं भाग आहे. नितंब गुडघ्यांपेक्षा वर हवेत, चार ते सहा इंच, नाहीतर कंबर मागे वाकते आणि तिसऱ्या दिवशी पाठ बंड करते. घरून घडी घातलेली जाड चादर न्या. हॉलमध्ये तिसऱ्या दिवसापर्यंत प्रत्येकाभोवती उशांचा डोंगर तयार होतो आणि उपयोग सहसा एकाच उशीचा होतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर खुर्ची मागून घ्या, लाजू नका. सोबत शाल, सैल कपडे, टॉर्च, कुलूप, आणि डासांचं मलम. गोराईला खाडी आहे, तिवरं आहेत, आणि प्राणिहिंसा न करण्याचं पहिलं शील तुम्ही आदल्या रात्रीच घेतलेलं असतं.

मर्यादाही सांगायला हव्यात. सतिपट्ठान या बुद्धाच्या ध्यानविषयक उपदेशात चार गोष्टी आहेत: काया, वेदना, चित्त, धम्म. दहा दिवसांत भर जवळपास सगळा वेदनेवर. चित्त सराग (आसक्त) आहे की वीतराग (अनासक्त), आळसलेलं की विखुरलेलं, हे सरळ चित्ताकडे पाहून जाणण्याचा अभ्यास इथे फार होत नाही. सतिपट्ठानाचं वेगळं शिबिर आहे, पण त्यासाठी आधी तीन शिबिरं आणि वर्षभराचा नियमित सराव लागतो. गोएंकांची पद्धत जिथून आली त्या ब्रह्मदेशातच महासी सयादव या भिक्खू आचार्यांची परंपरा पोटाच्या फुगण्या-बसण्यापासून सुरू होते आणि विचार उठला की ‘विचार’ अशी मनातच नोंद करते. ज्यांना शरीर चाळत राहणं रुक्ष वाटतं त्यांना ती पद्धत अधिक मानवू शकते. इथे ‘शुद्ध विद्या’, म्हणजे बुद्धापासून जशीच्या तशी आलेली, हा शब्द वारंवार कानी येतो. गृहस्थांनी सामूहिक ध्यान करण्याची लाट मात्र ब्रह्मदेशातले भिक्खू लेडी सयादव यांच्या काळापासूनची, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडची आहे, हे माहीत असलेलं बरं.

ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे त्यांनी अर्जात तो लपवू नये. दिवसाला दहा तास एकटं मनासमोर बसणं हे उपचार नव्हे, आणि केंद्रंही तसा दावा करत नाहीत. औषधं परस्पर बंद करून जाणं तर धोक्याचं आहे.

दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सर्वांचं भलं चिंतण्याची साधना, शिकवतात आणि मौन सुटतं. जेवणघरात इतका कलकलाट होतो की नऊ दिवस हीच माणसं गप्प होती यावर विश्वास बसत नाही. घरी रोज सकाळी-संध्याकाळी एकेक तास बसायला सांगतात. चाळीत किंवा वन रूम किचनमध्ये हे अवघडच. पहाटे पाणी यायच्या आधीची वेळ सर्वांत निवांत. बसण्याची जागा रोज तीच ठेवा, कुकरची शिट्टी झाली तर ती ऐकू द्या आणि श्वासाकडे परत या. एक तास जमत नसेल तर वीस मिनिटं आनापान करा, पण दिवस चुकवू नका. जुन्या साधकांसाठी पॅगोडात एक दिवसीय शिबिरं असतात, तेव्हा त्या घुमटाखाली बसायला मिळतं. जाताना लाँचवाल्याला विचारून घ्या: गोराई गावची लाँच वेगळी, पॅगोडाची वेगळी. पावसाळ्यात सामान घेऊन भाईंदर-उत्तन रस्त्याने गेलेलं बरं.