टॉप २ टक्के शास्त्रज्ञांची यादी: एक्सेल उघडून बघितल्यावर लिहितोय

५ पैकी ३ स्टार. किंमत शून्य, कुणीही डाउनलोड करा, पण लॅपटॉपवरच करा, माझ्या मोबाइलवर कदंबा बस फोंड्याहून बाणस्तारीला पोचली तरी फाइल आपली गोल गोल फिरतेच आहे.

झालं असं की आमच्या कॉलेजातल्या एका सरांचं नाव पेपरात आलं, जगातील टॉप २ टक्के शास्त्रज्ञांत म्हणून, मग शाल श्रीफळ झालं, गेटवर बॅनर लागला, स्टाफरूममध्ये सामोसे आले. सर कष्टाळू माणूस, त्यात वादच नाही. पण २ टक्के म्हणजे नक्की कशाचे ते सामोसा खाणाऱ्यांपैकी एकालाही सांगता येईना, म्हटलं आपणच बघू.

तर सगळे हिला 'स्टॅनफोर्डची यादी' म्हणतात पण युनिव्हर्सिटीने बसून कुणाला निवडलंय असं काही नाही, तिथले प्राध्यापक जॉन आयोनिडिस आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१९ मध्ये ती पहिल्यांदा छापली, डेटा एल्सव्हिअर या प्रकाशकाच्या स्कोपसमधला, म्हणजे शोधनिबंधांच्या मोठ्या डेटाबेसमधला. विषयांचे २२ मोठे गट आणि त्याखाली १७४ पोटविषय, आणि ते २ टक्के त्या पोटविषयातले. वर फाइली दोन, एक अख्ख्या करिअरची, दुसरी फक्त एका वर्षाची. आमचे सर दुसरीत सापडले. बॅनरवर एवढं कोण लिहितंय!

आता जे आवडलं ते. नुसता एच-इंडेक्स धरला असता तर मी एकच स्टार दिला असता. तो २००५ मध्ये हर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने काढला, तुमच्या १२ पेपरांना (म्हणजे शोधनिबंधांना) प्रत्येकी निदान १२ सायटेशन, म्हणजे दुसऱ्या निबंधांत दिलेले संदर्भ, असतील तर तुमचा एच १२, संपलं. पेपराच्या पन्नास लेखकांत तुमचं नाव सदतिसावं असलं तरी तेवढाच, आणि माणूस रिटायर होऊन दुपारची झोप काढत बसला तरी तो आकडा कमी होत नाही. या यादीत सहा आकडे एकत्र करून स्कोर काढतात, त्यात एकट्याने लिहिलेले, पहिल्या नावाचे आणि शेवटच्या नावाचे जे पेपर, त्यांची सायटेशन वेगळी मोजतात. सगळ्यात भारी म्हणजे सेल्फ सायटेशनचा कॉलम, स्वतःच स्वतःची पाठ किती थोपटली ते टक्क्यांत! बांगडा घेताना कल्ले उचलून बघतो की नाही, तसा आधी हा कॉलम बघायचा. २०२४ पासून मागे घेतलेल्या पेपरांचा हिशेबही दिलाय, बरं केलं.

वजा मार्क कशाला? एक तर नावांचा गोंधळ हे या सगळ्या धंद्याचं जुनं दुखणं. माझं आडनाव नाईक, गोव्यात दगड मारला तर नाईकालाच लागेल, आणि एका फुकटच्या प्रोफाइल सेवेने (ही यादी नव्हे) कुठल्यातरी डॉक्टर नाईकांचे हृदयरोगाचे पेपर माझ्या नावावर चढवले, मी शिकवतो बॉटनी, एच एका रात्रीत ९ चा ३१. प्रिन्सिपलनी अभिनंदन पण केलं. २०२४ मध्येच दोन संशोधकांनी लॅरी नावाच्या मांजराला खोटे पेपर चढवून जगातलं सर्वाधिक सायटेशनवालं मांजर केलं होतं, त्यामुळे माझं काय एवढं.

दुसरं म्हणजे आपले दामोदर कोसंबी कुठल्या खान्यात घालणार? १९०७ चा गोव्यातला जन्म, माणूस गणिती, त्यात नाणी, इतिहास, संस्कृत. १९४४ मध्ये जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र दिलं, आज जेनेटिक मॅप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कोसंबी' असा पर्यायच असतो, नाव इतकं रुळलंय की तो जुना पेपर संदर्भात द्यायची अनेकांना गरजच वाटत नाही. वर शेवटी काही पेपर एस. डुक्रे या टोपणनावाने छापले, ते कुठलं मशीन त्यांच्या खात्यावर जमा करणार?

काल स्टाफरूममध्ये सर हळूच जवळ आले, "फाइल उघडलीस म्हणे, माझा सेल्फचा कॉलम किती आला रे?" बघून ठेवला होता, खूपच कमी होता, सांगितला. सरांनी उरलेला सामोसा माझ्याकडे सरकवला.